बुलेटचा गिअर आणि एएफ-ऑनचं बटण

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. सहा वर्षं निकॉन डी५३०० वापरलात. पाठीवरचं एई-एल/एएफ-एल (एक्स्पोजर आणि फोकस लॉक करणारं) बटण अंगठ्यानं दाबून फोकस धरायचा, फ्रेम सरकवायची आणि क्लिक करायचं, ही सवय. आता सेकंडहँड डी५०० घेतलात. त्याच जागेवर एएफ-ऑन, म्हणजे ऑटोफोकस चालू, असं लिहिलेलं बटण आहे आणि ते दाबलं की फोकस थांबायच्या ऐवजी पळतो. मिरजेच्या एका लग्नात अंतरपाट खाली आला त्या क्षणाचे फोटो सगळे सॉफ्ट, आणि स्टेजमागची झेंडूची माळ मात्र पाकळी न् पाकळी शार्प. लेन्स फाइन ट्यून करावी (म्हणजे सतत पुढे-मागे बसणारा फोकस मेनूतून दुरुस्त करावा) की बॉडी ज्याच्याकडून घेतली त्याला परत करावी, असं विचारलंय.

दोन्ही करू नका. माळ शार्प आहे म्हणजे फोकस बहुधा नीट बसतोय, फक्त तुम्हाला नको तिथे बसतोय. लेन्सची काचच बिघडली असती तर कुठलीच पातळी इतकी स्वच्छ आली नसती, आणि फाइन ट्यूनची गरज आहे का ते कसं तपासायचं हे पुढे सांगतो.

आपल्या भागात जुनी बुलेट चालवलेल्या माणसाला हा घोटाळा एका वाक्यात कळेल. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. नवं मॉडेल घेतलं की उलटं. पहिले आठ दिवस माणूस थांबायचं म्हणून डावा पाय दाबतो आणि गाडी गिअर बदलते. गाडी चांगलीच असते, पाय जुना असतो. तुमच्या जुन्या कॅमेऱ्यात अंगठा म्हणजे ब्रेक होता: दाबला की फोकस थांबला. नव्यात अंगठा म्हणजे रेस: दाबला की फोकस चालू, सोडला की थांबला.

यात आणखी एक गोष्ट मिसळली आहे, आणि मला वाटतं तुमचे फोटो मुख्यतः तिनेच घालवले. डी५३०० वर एएफ-ए नावाचा मोड असतो. समोरचा माणूस स्थिर आहे की हलतोय हे कॅमेरा स्वतः ठरवतो आणि स्थिर वाटला तर सिंगल फोकस वापरतो. सिंगलमध्ये शटर अर्धं दाबून धरलं की फोकस आपोआप लॉक होतो, पाठीवरच्या बटणाची गरजच नसते. म्हणजे सहा वर्षं तुम्हाला वाटत होतं अंगठा फोकस धरतोय, पण बऱ्याच वेळा तर्जनीच धरत होती. डी५०० वर एएफ-ए नाहीच. एएफ-एस (सिंगल, एकदा बसला की थांबणारा) किंवा एएफ-सी (कंटिन्युअस, सतत चालणारा), एवढे दोनच. आधीच्या मालकानं तो एएफ-सीवर ठेवून दिला असेल, पक्षी टिपणारे बहुतेक तसाच ठेवतात, तर अर्धं शटर दाबून धरलं तरी फोकस सतत चालू राहणार. वर अंगठा एएफ-ऑनवर, तोही चालूच. तुम्ही नवरदेवावर फोकस घेतला, फ्रेम डावीकडे सरकवली, फोकस पॉइंटखाली माळ आली, कॅमेऱ्यानं इमानेइतबारे माळ पकडली.

लेन्सच्या शेजारी डाव्या बाजूला जो एएफ/एमचा खटका आहे, त्यावरचं बटण दाबून मागची चकती फिरवा. वरच्या छोट्या स्क्रीनवर एएफ-एस की एएफ-सी ते दिसेल. आधी हे पाहा, मग बाकीचं.

आता कुठलं सेटिंग बरोबर, हे मी एका शब्दात सांगू शकत नाही. तुम्ही काय टिपता, दुसरी बॉडी सोबत वापरता का, आणि पुढची तारीख किती दिवसांवर आहे, यावर ते ठरतं. तारखेचं मी मुद्दाम म्हणतोय. मी स्वतः २०१७ मध्ये डी७००० वरून डी५०० वर आलो आणि नव्या कॅमेऱ्याची घाई म्हणून तो थेट वाईजवळच्या बावधनच्या बगाडाला, म्हणजे बैलांनी ओढायच्या उंच लाकडी गाड्याच्या यात्रेला, घेऊन गेलो. रंगपंचमीचा दिवस, सोनेश्वरहून बगाड निघालेलं, शेतातनं बैल ओढतायत, वर शिडाच्या टोकाला बगाड्या. आदल्या रात्री यूट्यूब बघून फोकस अंगठ्यावर घेतला होता. डोक्याला माहीत होतं, पण गर्दीत डोकं कुठे चालतं, हात चालतो. बगाड जवळ आलं की मी सवयीनं तर्जनी अर्धी दाबायचो, काहीच व्हायचं नाही, मग घाबरून पूर्ण दाबायचो. त्या दिवशीचं अर्धं कार्ड म्हणजे धूसर बगाडाच्या मागे स्वच्छ बाभळी. वर्षातून एकदाच येणारा दिवस, तो गेला.

म्हणून माझा पहिला सल्ला: या सीझनच्या तारखा बाकी असतील तर आत्ता नवी पद्धत शिकू नका. कॅमेराच जुन्या सवयीला वाकवा. एक मिनिटाचं काम आहे. मेनूत पेन्सिलच्या चिन्हाखाली कस्टम सेटिंग, त्यात एफ१, कस्टम कंट्रोल असाइनमेंट. कॅमेऱ्याचं चित्र येईल, त्यात एएफ-ऑन बटण निवडा आणि त्याला 'एएफ लॉक ओन्ली' द्या. झालं. फोकस शटरवर, थांबवणं अंगठ्यावर, डी५३०० सारखंच. तसं तुमचं लॉक कॅमेऱ्यात पहिल्यापासून आहेही, फक्त घर बदललंय. एएफ-ऑनच्या खाली जी छोटी कांडी आहे, जॉयस्टिक म्हणतो आपण, ती सरळ आत दाबली की कंपनीच्या मूळ सेटिंगमध्ये फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही लॉक होतात. पण घाईत ती आत दाबायच्या ऐवजी बाजूला ढकलली जाते आणि पॉइंट भलतीकडे जातो. माझा अंगठा जाड आहे, मला जमत नाही. बारीक बोटांच्या लोकांना जमताना पाहिलंय.

सेकंडहँड बॉडी आहे, तेव्हा यातलं काहीही करण्याआधी जुन्या मालकाचा संसार बाहेर काढा. कस्टम सेटिंगच्या अगदी वर 'कस्टम सेटिंग्ज बँक' आहे, ए ते डी अशा चार. जी बँक वापरणार तिच्यावर जाऊन कचऱ्याच्या डब्याचं बटण दाबलं की ती मूळपदावर येते. डी५३०० चं सेटिंग कार्डावर सेव्ह करून इथे चढवता येईल का, असं बरेच जण विचारतात. नाही येत, फाइल त्याच मॉडेलला चालते.

आता सीझन संपल्यावरचं. तुम्ही लग्नंच करणार असाल आणि त्यातही ग्रुप, स्टेज, पाया पडतानाचे फोटो जास्त, तर लॉकवालं जुनं सेटिंग जन्मभर ठेवलंत तरी बिघडत नाही. 'प्रोफेशनल लोक मागच्या बटणानंच फोकस करतात' हे वाक्य ऐकून बदलू नका. पण हलणारं काही टिपत असाल, शर्यतीचा छकडा, मायणीच्या तलावावरचे पक्षी, वरातीत नाचणारी पोरं, तर फोकस शटरवरून काढून अंगठ्याला द्या. मी लग्नासाठीही तेच वापरतो. कारण एकच, अक्षता.

तुमचाच अंतरपाटाचा क्षण घ्या. मंगलाष्टक संपतं, अंतरपाट खाली येतो आणि त्याच सेकंदाला चारी बाजूंनी अक्षता उडतात. नवरीचा चेहरा आणि तुमची लेन्स यांच्यामध्ये पाचशे तांदूळ. एएफ-सी चालू असेल तर कॅमेरा तांदळाकडे धावतो. फोकस अंगठ्यावर असेल तर मी काय करतो: शेवटच्या 'सावधान'च्या आधी नवरीच्या डोळ्यावर पॉइंट ठेवून अंगठा दाबतो, फोकस बसला की अंगठा उचलतो, आणि मग अंतरपाट पडताना फक्त शटर चालवतो. ती जागची हललेली नसते, फोकस तिथेच गोठलेला असतो, तांदूळ पुढून कितीही जाऊ देत. मग हार घालताना ती पुढे वाकली की अंगठा पुन्हा खाली, फोकस तिच्याबरोबर चालतो. एकाच मोडमध्ये, एकही खटका न हलवता, सिंगल आणि कंटिन्युअस दोन्ही. जुन्या पद्धतीत यासाठी तर्जनीनं फोकस घेऊन अंगठा दाबूनच ठेवावा लागतो, आणि अंगठा एकदा सोडला की सगळं पहिल्यापासून.

हे लावायला डी५०० वर दोन गोष्टी लागतात, आणि लोक दुसरी विसरतात. पहिली, एएफ-ऑन बटणाला एफ१ मध्ये 'एएफ-ऑन'च असू द्या. दुसरी, त्याच कस्टम सेटिंगमधल्या ए८ मध्ये एएफ अ‍ॅक्टिव्हेशन 'एएफ-ऑन ओन्ली' करा, म्हणजे शटरचा फोकसशी संबंध तुटतो. त्याच ओळीत उजवीकडे गेलात की 'आउट ऑफ फोकस रिलीज' दिसेल, ते 'एनेबल' असू द्या, नाहीतर फ्रेम सरकवल्यावर ऐनवेळी शटर अडण्याचा धोका. फोकस मोड कायम एएफ-सी.

जुना डी५३०० दुसरी बॉडी म्हणून गळ्यात असणारच, तर तोही त्याच तालावर आणा. तिथे एकच बदल पुरतो: एई-एल/एएफ-एल बटणाला 'एएफ-ऑन' दिलं की शटरवरचा फोकस आपोआप बंद होतो. एका गळ्यात दोन पद्धती ठेवू नका. उजवीकडचा गिअर आणि डावीकडचा गिअर अशा दोन गाड्या दिवसभर आलटून पालटून चालवून बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

यानंतर एक तक्रार हमखास येते: फोकस ठीक झाला पण उजेड वरखाली होतोय. त्याचं कारण तुमच्या जुन्या बटणात आहे. मूळ सेटिंगमध्ये एई-एल/एएफ-एल दाबलं की फोकसबरोबर एक्स्पोजरही लॉक व्हायचं. तुम्हाला ते कधी जाणवलं नाही, पण पांढरी टोपी, पांढरा सदरा घातलेल्या सासऱ्यांवरून फ्रेम काळ्या कोटावर गेली तरी उजेड तोच राहायचा तो त्यामुळे. आता अंगठा फक्त फोकस बघतो. मी जॉयस्टिकच्या मधल्या दाबाला 'एई लॉक होल्ड' दिलंय, एकदा दाबलं की धरलं, पुन्हा दाबलं की सुटलं. पण खरं सांगायचं तर स्टेजवर उजेड बदलत नसेल तर मी मॅन्युअल एक्स्पोजरच वापरतो आणि हा प्रश्नच संपवतो.

मुळात फोकस लॉक करून फ्रेम सरकवायची ही पद्धतच डी५०० वर थोडी जुनी झाली आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. डी५३०० ला ३९ पॉइंट होते, सगळे मध्याच्या आसपास, त्यातले ९ क्रॉस टाइप, म्हणजे उभी आणि आडवी दोन्ही रेघ ओळखणारे. चेहरा कडेला हवा असेल तर लॉक करून सरकवण्याशिवाय इलाज नव्हता. डी५०० ला १५३ पॉइंट आहेत, ९९ क्रॉस टाइप. त्यातले ५५ आपल्याला निवडता येतात आणि ते फ्रेमच्या जवळजवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेत. जॉयस्टिकनं पॉइंट थेट डोळ्यावर नेता येतो.

सरकवण्यात तोटा काय, तर हा हिशेब पाहा. ५० एमएम लेन्स, एफ १.८, नवरी दीड मीटरवर. या कॅमेऱ्याच्या सेन्सरला शार्प पट्टा मिळतो साधारण साडेसहा सेंटिमीटरचा, म्हणजे डोळ्याच्या पुढे सव्वातीन, मागे सव्वातीन. मध्यावर डोळा धरून कॅमेरा १० अंश वळवलात तर फोकसची पातळी डोळ्याच्या सव्वादोन सेंटिमीटर मागे जाते. म्हणजे सव्वातीनच्या भांडवलाचा दोन तृतीयांश भाग नुसतं वळण्यात गेला. त्यात तुम्ही श्वास घेताना पुढे झुकलात, ती हसून मागे झाली, की संपलं: नथ धूसर, कानातला झुबा शार्प. हाच फोटो एफ ५.६ ला, तीन मीटरवरून काढला तर सरकवलेलं काहीसुद्धा कळणार नाही. म्हणून ग्रुप फोटोत लॉक करून सरकवा, बिनधास्त. उघड्या अ‍ॅपर्चरला जवळून चेहरा असेल तर पॉइंट सरकवा, कॅमेरा नको. कासला गुडघ्यावर बसून सीतेची आसवं टिपता तेव्हा तर हे दहा पटीनं लागू होतं. ते फूल केवढं, आणि पठारावरचा वारा केवढा. तिथे मी पॉइंट फुलावर नेतो, अंगठ्यानं एकदा फोकस घेतो, सोडतो, आणि वारा थांबायची वाट बघत बसतो.

तुमच्या हॉलमधल्या अंधाराबद्दल. डी५३०० च्या पुढे एक छोटा दिवा होता, अंधारात फोकसला मदत करणारा. डी५०० ला तो दिवा नाही. नव्या कॅमेऱ्यात तो बिघडलाय असं समजू नका. फ्लॅशची लाल जाळी मदत करते, पण ती एएफ-एसमध्ये, एएफ-सीमध्ये नाही. दुसरीकडे याचा मधला पॉइंट उणे ४ ईव्हीपर्यंत (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप, जितकं उणे तितका अंधार), बाकीचे उणे ३ पर्यंत काम करतात, जवळजवळ चांदण्यात. त्यामुळे रिसेप्शनला दिवे मंद झाले की मी मधला पॉइंट घेतो आणि साडीच्या काठासारखी, दागिन्याच्या कडेसारखी उभी-आडवी रेघ शोधतो. कोऱ्या गालावर फोकस मागू नका.

अक्षतांसाठी आणखी एक: ए३ मध्ये 'ब्लॉक्ड शॉट एएफ रिस्पॉन्स' १ ते ५ असतं, मूळ ३. मी लग्नात ५ ला ठेवतो, म्हणजे मध्ये कोणी आडवं गेलं तरी फोकस लगेच उडी मारत नाही. व्हिडिओवाला मध्ये येतोच.

ए१ मध्ये एएफ-सीची प्रायॉरिटी मूळ सेटिंगला 'रिलीज' असते, म्हणजे फोकस बसो न बसो, शटर पडणार. तुम्ही जुन्या, शटरवरच्या पद्धतीवर राहणार असाल तर हे 'फोकस' करून बघा, सॉफ्ट फोटोंची संख्या त्याच दिवशी घटेल. अंगठ्याच्या पद्धतीत मात्र 'रिलीज'च ठेवा. फोकस कधी बसला हे तुम्ही ठरवताय, शटरनं मध्ये बोलायचं कारण नाही. आणि व्हीआर, म्हणजे हाताची थरथर शमवणारी, लेन्स असेल तर लक्षात ठेवा की नुसतं एएफ-ऑन दाबून व्हीआर चालू होत नाही, त्याला शटर अर्धं दाबावं लागतं. लांब लेन्सनं मायणीला जाल तेव्हा हे उपयोगी पडेल.

फाइन ट्यूनचा मेनू डी५३०० ला नव्हता, इथे आहे, त्यामुळे हात शिवशिवतो. महिनाभर हात लावू नका. आधी प्लेबॅक डिस्प्ले ऑप्शनमध्ये 'फोकस पॉइंट'वर खूण करा, म्हणजे फोटो बघताना पॉइंट कुठे होता ते लाल चौकोनात दिसतं. चौकोन माळेवर असेल तर चूक अंगठ्याची. एक पथ्य: लॉक करून सरकवलेल्या फोटोत तो चौकोन फ्रेममधली जागा दाखवतो, तुम्ही ज्यावर लॉक केलं ती वस्तू नाही. तेव्हा ही तपासणी न सरकवता काढलेल्या फोटोंवरच करा. ट्रायपॉडवर, न सरकवता, दहापैकी दहा फोटो त्याच बाजूला चुकले तरच लेन्सचा विचार.

सराव कुठे करायचा? सांगलीत असताना हा प्रश्न पडायला नको. संध्याकाळी आयर्विन पुलाच्या तोंडाशी उभे राहा आणि येणारी प्रत्येक सायकल पकडा. सायकल लांब दिसली की अंगठा खाली, जवळ येईस्तोवर दाबूनच, हँडलवर पॉइंट. सोडायचा नाही. सुरुवातीला तुम्ही शटर दाबताना नकळत अंगठा उचलाल, सगळेच उचलतात, कारण एवढी वर्षं दोन्ही बोटं एकत्र सुटायची. त्यानंतर उलटं: घाटावर बसलेल्या माणसावर एकदा फोकस, अंगठा वर, आणि पाच फोटो अंगठा न लावता. रोज वीस मिनिटं. मला बारा दिवस लागले, माझ्यासोबत काम करणाऱ्या पोराला चार. त्याला जुनी सवय मोडायची नव्हती.

शेवटची अडचण, जी घेतल्यावरच कळते. कार्यक्रमात कोणीतरी म्हणतं, दादा, तुम्हीपण उभे राहा, मी काढतो. तुम्ही कॅमेरा देता, तो बिचारा शटर दाबतो, फोकसच होत नाही, आणि तुमच्या घरच्या लग्नातला तुमचा एकमेव फोटो धूसर. यासाठी त्या चार बँका कामाला येतात. ए बँकेत माझं अंगठ्याचं सेटिंग. बी बँकेत ए८ मूळपदावर, म्हणजे शटर दाबलं की फोकस, कोणालाही देता येईल असं. द्यायच्या आधी बँक बदलायची, मोड एएफ-एसवर घ्यायचा, परत घेतला की दोन्ही पूर्ववत. बँकेला नाव देता येतं, फक्त इंग्रजी अक्षरांत. माझ्या बी बँकेचं नाव 'पाहुणे' आहे.